बाबांची उलटतपासणी

माझ्या पहिल्या अनुवादाचे पहिले वाचक माझे बाबा होते. परदेशी कोर्टातली कथा होती. पहिल्याच प्रकरणात न्यायाधीश लाकडी हातोडा आपटतात, म्हणून मीही 'हातोडा आपटला' असं लिहिलं होतं. बाबांनी त्याखाली रेघ मारून पेन्सिलीने समासात लिहिलं, 'सुतार आहे का?'

मी त्यांना समजावलं, की तिकडे तशी पद्धत असते. "असेल," ते म्हणाले, "पण विरारचा माणूस वाचणार आहे ना? नुसतं 'न्यायाधीशांनी सर्वांना गप्प केलं' असं लिही. गप्प करायला हातोडा लागत नाही."

तेव्हापासून मी प्रत्येक प्रकरणाची प्रत काढून फुलपाड्याला त्यांच्याकडे पोचवत असे. लग्नानंतर मी विरारमध्येच चंदनसारला राहायला गेले होते, रिक्षाने पंधरा मिनिटांचं अंतर. चौदा वर्षांत मी अशा बावीस कादंबऱ्या मराठीत आणल्या. सगळ्या एकाच जातीच्या. तरुण वकील, खोटा गुन्हा, पळून गेलेला साक्षीदार, आणि शेवटच्या चाळीस पानांत अशी उलटतपासणी की खोटं बोलणारा माणूस भर कोर्टात कोसळतो. आमचे प्रकाशक म्हणायचे, वाचकाला पान उलटायची घाई झाली पाहिजे. बाबांना व्हायची. मी सोमवारी चार प्रकरणं दिली, तर मंगळवारी सकाळी फोन यायचा, "पुढचं कधी देतेस?"

ते मुंबईत एका कंपनीच्या डिस्पॅच सेक्शनमधून निवृत्त झाले होते. कोकणातून आलेला, चौतीस वर्षं आवक-जावक नोंदवलेला माणूस. कोणतं पत्र कधी गेलं आणि त्याला उत्तर आलं नाही, हे त्यांना तोंडपाठ असे. मी एकदा विचारलं, "बाबा, हे सगळं खरं वाटतं तुम्हाला? दोन आठवड्यांत खटला उभा राहतो, निकालही लागतो?"

"छे ग," ते म्हणाले. "असं होत नाही हे मला ठाऊक आहे. पण व्हायला काय हरकत आहे?"

थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. या पुस्तकांत प्रश्न विचारला की पुढच्या ओळीत उत्तर येतं, ते त्यांना आवडायचं. टाळाटाळ करणाऱ्यालाही तिथे उभं राहून उत्तर द्यावंच लागतं.

त्यांच्या इमारतीपासून थोडं पुढे, रस्त्याच्या वळणावर, भुईगावहून येणारी एक बाई आठवड्यातून तीन दिवस बसायची. घरची वाडी होती तिची. अळू, पडवळ, केळी, मोगऱ्याच्या कळ्या, जे निघेल ते घेऊन यायची. बाबा तिच्याकडूनच केळी घ्यायचे आणि घासाघीस न करता घ्यायचे, यावर आई चिडायची. त्या बाईचा आणि बाबांचा संवाद ठरलेला होता. "काका, आज नीट पिकलीत." "परवाही तेच म्हणालीस." एवढाच.

एका सकाळी ती रस्ता ओलांडून समोरच्या नळावरून बादली भरून परत येत होती. एक पिकअप टेम्पो वळणावर चुकीच्या बाजूने आला आणि तिला उडवून पंधरा-वीस फुटांवर थांबला. बाबा पहिल्या मजल्याच्या खिडकीत चहा पीत उभे होते. ते चपला न घालता खाली धावले. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, त्या रिक्षातही ते होते. दुपारी ती गेली.

वळणावर त्या वेळी निदान दहा माणसं असतील. पोलिस आले तेव्हा बोलायला बाबा एकटे उरले. त्यांनी सांगितलं, टेम्पो उलट्या बाजूने आला आणि चालकाच्या कानाला मोबाईल होता. हवालदाराने लिहून घेतलं. बाबा घरी आले, आंघोळ केली, आणि आईला म्हणाले, "साक्ष द्यावी लागेल."

आई म्हणाली, "तुम्हालाच कशाला एवढी हौस?"

"हौस नाही ग. मी पाहिलंय."

पण थोडी हौस होती, हे आता मी कबूल करते. मला फोन करून त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा आवाज कापत होता, आणि तरीही त्यात एक ताठपणा होता. इतकी वर्षं जे पानांवर वाचलं, ते आता आपल्या वाट्याला आलं आहे, असा काहीसा.

मग काहीच झालं नाही. वर्ष गेलं. मध्ये करोनाची दोन वर्षं गेली. बाबा अधूनमधून विचारायचे, "अजून कसं बोलावलं नाही?" जणू कादंबरीचं पुढचं प्रकरण द्यायला मीच उशीर करत होते. त्या काळात त्यांना वाचायला त्रास होऊ लागला. अक्षरं धुरकट दिसत, पानाच्या कडेला हात फिरवत ते ओळ शोधत. मीच मागे लागून त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करवलं, आधी एक डोळा, मग महिन्याने दुसरा. डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली त्या दिवशी त्यांनी माझी नवी प्रत मागितली आणि दुपारपर्यंत साठ पानं वाचून काढली.

समन्स आलं ते अपघातानंतर चौथ्या वर्षी. एक शिपाई सही घेऊन कागद देऊन गेला. बाबांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

तयारी मीच करून घेतली. कोर्ट मला माहीत होतं, असा माझा समज होता. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आरोपीची वकील म्हणून मी. आई भाजी निवडत ऐकायची. मी आवाज चढवून विचारायचे, "तुम्हाला आरोपीबद्दल राग आहे म्हणून तुम्ही खोटं बोलताय, खरं ना?" बाबा शांतपणे म्हणायचे, "नाही. मी त्याला ओळखतही नाही." मी म्हणायचे, "छान. विचारलं तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्त नाही." हे त्यांनाही माझ्याइतकंच पाठ होतं. बाविसांपैकी प्रत्येक पुस्तकात कोणी ना कोणी वकील आपल्या साक्षीदाराला हेच बजावतो.

खिडकीपासून वळण किती लांब, हे विचारतील म्हणून ते खाली जाऊन पावलं मोजून आले. त्रेपन्न.

आम्ही वसईला कोर्टात गेलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा फुलशर्ट घातला होता. पहिल्या तारखेला आरोपीचे वकील आजारी होते. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. तिसऱ्या तारखेला दुपारी साडेतीनला पुकारा झाला. मधल्या काळात आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसून होतो. शेजारी भुईगावचा एक माणूस, गेलेल्या बाईचा नवरा. तो प्रत्येक तारखेला यायचा, बोलायचा नाही, फक्त बाबांसाठी जागा धरून ठेवायचा.

सरकारी वकिलांनी घेतलेली सरतपासणी सरळ झाली. बाबा खणखणीत बोलले. ते एक वाक्य बोलत, न्यायाधीश ते नीट करून सांगत, आणि टाइप करणारी मुलगी ते टाइप करी. प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागे. मला ते विचित्र वाटलं. कादंबरीत असं थांबणं नसतं. मग आरोपीचे वकील उठले. चाळिशीतले, बारीक आवाजाचे, सर्दी झालेले. हातात एक पातळ फाइल.

"पोलिसांना तुम्ही मोबाईलचं सांगितलं होतं?"

"हो. सांगितलं होतं."

"तुमच्या जबाबात ते नाही."

बाबांनी तो जबाब कधी पाहिलाच नव्हता. तशा जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, तो वाचायलाही देत नाहीत, हे मला त्या क्षणी कळलं. बाबा म्हणाले, "मी सांगितलं होतं. त्यांनी का लिहिलं नाही, ते मला कसं माहीत असणार?" न्यायाधीशांनी टाइप करणाऱ्या मुलीला सांगितलं, "पोलिस जबाबात तसे नमूद नाही, त्याचे कारण मी सांगू शकत नाही." ती हे वाक्य इतक्या सराईतपणे टाइप करत होती, की ते रोज कोणा ना कोणाच्या तोंडी जात असणार.

"चष्मा लावता का?" वकिलांनी सहज विचारलं. ते खाली फाइलमध्ये पाहत होते. मला वाटतं, त्यांना या प्रश्नातून काही मिळेल अशी अपेक्षाही नव्हती.

'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. पण बाबा डिस्पॅचमधले होते, अर्धवट नोंद त्यांना सहन होत नसे. ते म्हणाले, "पूर्वी लावत होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लांबचा चष्मा सुटला."

वकिलांनी मान वर केली.

"ऑपरेशन कधी झालं?"

"दीड वर्ष झालं."

"म्हणजे अपघातानंतर."

"हो."

"अपघात झाला त्या दिवशी तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता?"

"सुरुवात असेल. पण मला दिसत होतं..."

"होता की नव्हता?"

"होता."

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, जी मी आईला कधी सांगितली नाही. त्या क्षणी माझ्या मनात 'वा!' असं उमटलं. हाताच्या बोटांत ती ओळखीची घाई आली, पान उलटण्याची. समोर कठड्यात उभा असलेला माणूस माझा बाप आहे, हे अर्धा सेकंद मी विसरले होते. किती सफाईने केलं, एवढंच मला दिसलं. चौदा वर्षं मी हेच लिहीत आले होते आणि प्रत्येक वेळी जो कोसळतो तो खोटा माणूस असायचा. इथे फरक एवढाच होता.

आणि हा प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर मी एकदाही विचारला नव्हता. ऑपरेशनसाठी मागे मीच लागले होते, तरी मला तो सुचला नाही.

वकील थांबले नाहीत. "खिडकीपासून ती जागा किती लांब?"

"त्रेपन्न पावलं."

"मोजलीत?"

"हो."

"साक्षीची तयारी म्हणून मोजलीत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हो. मुलीने माझी तयारी करून घेतली."

"मुलगी वकील आहे?"

"नाही. कोर्टाच्या कादंबऱ्यांचे अनुवाद करते."

मागच्या बाकावरचे दोन-तीन तरुण वकील हसले. न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी टाइप करणाऱ्या मुलीला सांगितलं, आणि तिने टाइप केलं, 'मी साक्षीची तयारी माझ्या मुलीकडून करून घेतली हे म्हणणे खरे आहे.' अख्ख्या साक्षीत तेवढंच एक वाक्य असेल, ज्यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. भुईगावचा माणूस खाली फरशीकडे पाहत होता.

बाबा कठड्यातून उतरले, सही केली, बाहेर आले. परत येताना रिक्षात म्हणाले, "फार बोललो ना?"

मी म्हणाले, "नाही हो बाबा."

"बोललो," ते म्हणाले.

साक्षीदाराला निकाल कोणी कळवत नाही. पाचेक महिन्यांनी तो भुईगावचा माणूसच फुलपाड्याला आला. मी त्या दिवशी तिथे होते. तो आत येईना, दारातच उभा राहिला. म्हणाला, "सुटला. संशयाचा फायदा दिला म्हनं."

बाबांनी विचारलं, "माझ्या साक्षीमुळे?"

"तुमी एकटे तरी आलात, काका. बाकी कोन आलं?"

हे उत्तर नव्हतं, आणि ते बाबांना कळलं. त्याला पाणी देऊन आईने बसायचा आग्रह केला, पण तो गेला.

त्यानंतर त्यांनी माझी एकही प्रत वाचली नाही. मी नेऊन ठेवायचे, आठवड्याने तशीच उचलून आणायचे. मला वाटलं, लाज वाटत असेल, राग असेल, उतरेल. पण ते वेगळंच काही होतं. सकाळी ते खिडकीत उभे राहायचे. एकदा मला म्हणाले, "जरा खाली जा. वळणावर उभी राहून फोन कानाला लाव."

मी गेले. वर पाहिलं तर ते गज धरून उभे होते. मी फोन कानाला लावला. मग त्यांनी खुणेने सांगितलं, फोन खिशात ठेव आणि नुसता हात कानाशी ने. मी तेही केलं. लोक पाहत होते. वर गेल्यावर मी विचारलं, "दिसलं?"

"आता दिसणारच ग. आता भिंगं बसवलीत." ते खुर्चीत बसले. "त्याचा हात कानाशी होता. हे नक्की. पण हातात फोन होता का? कान खाजवत असेल. डोकं टेकलं असेल हातावर. मला आठवताना फोन काळा दिसतो. काल आठवला तर निळा होता."

आई आतून आली. तिने चार वर्षांत या विषयावर फारसं तोंड उघडलं नव्हतं. "तुम्ही दवाखान्यातून घरी आलात ना, तेव्हा दारात पहिलं काय बोललात, मला आठवतंय. 'फोनवर बोलत होता मेला' हेच."

बाबा म्हणाले, "ते ऐकीव झालं. चालत नाही."

ते विनोद करत नव्हते. त्यांना खरोखर स्वतःच्या डोक्यातला पुरावा तपासायचा होता आणि प्रत्येक वेळी तो कमी पडत होता. त्या सर्दी झालेल्या वकिलाने पाच-सात मिनिटांत जो संशय न्यायाधीशांसाठी पेरला, तो न्यायाधीश केव्हाच विसरले असतील. बाबांच्या मनात मात्र तो वाढत गेला. शेवटी शेवटी ते म्हणू लागले, की कदाचित आपण एका माणसाला उगाच तुरुंगात घालायला निघालो होतो. मी रागावायचे. "बाबा, तुम्ही पाहिलंत." ते म्हणायचे, "तू होतीस तिथे?"

गेल्या वर्षी ते गेले, हृदयविकाराने, झोपेत. काही सांगून गेले नाहीत.

माझं काम चालूच आहे. सोडावंसं वाटलं होतं, सोडलं नाही. वाचक कळवतात, की एका बैठकीत संपवलं, खाली ठेववेना. त्यांना काय आवडतं ते मला समजतं. एवढंच झालं आहे, की उलटतपासणीचं प्रकरण आलं की मी त्यात कठड्यात उभ्या असलेल्या माणसाचं वय आधी बघते.

बाबांना जाऊन महिना झाल्यावर मी भुईगावला गेले. त्या माणसाला कळवायला हवं, असं आईचं म्हणणं होतं. अरुंद गल्लीतून विचारत विचारत त्याची वाडी सापडली. तो केळीच्या बुंध्याशी वाळकी पानं कापत होता. मला ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. बाबा गेल्याचं ऐकून त्याने कोयता खाली ठेवला आणि डोक्याला बांधलेला पंचा काढला.

 मग त्याने विचारलं, "ताई, एक विचारू? काका शेवटी काय म्हनत होते? फोन होता ना त्याच्या हातात?"

 तो पुढे म्हणाला, "पोरगी विचारते. म्हनते, आई बघून का नाय गेली रस्त्यात. ते लोक कोर्टात बोलले ना, बाई आंधळ्यागत मधी आली, ते तिच्या डोक्यात बसलंय. मी सांगतो तिला, तो फोनवर होता. पन मी कुठं पायलं?"

"होता," मी म्हणाले. "फोन होता. बाबा शेवटपर्यंत तेच सांगत होते."

"शेवटपर्यंत?"

"हो. शेवटपर्यंत."

त्याने घराकडे तोंड करून मुलीला हाक मारली. ती ओढणीला हात पुसत बाहेर आली, वीस-एकवीस वर्षांची, आईसारखीच उंच. "या ताई काय सांगतात ते ऐक," तो म्हणाला. तिच्यासमोर मला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज माझा मलाच खणखणीत वाटला.